‘उद्या येते’ म्हणून ठेवलेला फोन

प्रश्न : माझे वय 53 आहे. शाळेपासूनची माझी मैत्रीण गेल्या फेब्रुवारीत कर्करोगाने गेली. ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. शाळेत असताना ती घरखर्चासाठी विड्या वळायची आणि मी शेजारी बसून तिला धडे वाचून दाखवायचे. पुढे दोघींची लग्ने गावातच झाली आणि गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा, आम्ही कधी एकमेकींशिवाय पाहिली नाही. ती गेल्यावर मी रडत होते, तेव्हा घरातले म्हणाले, ‘सख्खी बहीण होती का?’ तेव्हापासून मी गप्प आहे. वर्षश्राद्ध जवळ आले आहे. तिच्या 22 वर्षांच्या मुलीने ‘मावशी, आईबद्दल काही लिहून द्या’ असे दोनदा सांगितले. पण ती दिसायला अगदी आईसारखी असल्यामुळे मला तिच्यासमोर जाववत नाही. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला होता. माझ्या मुलीच्या बाळंतपणात होते म्हणून मी ‘उद्या येते’ म्हणाले. पहाटे ती गेली. मी काय लिहू?

उत्तर : ताई, घरातल्यांच्या त्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो त्यांनी दुष्टपणाने विचारला असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे सुतक कुळाने ठरते. मैत्रिणीसाठी दहा दिवस नाहीत, समाचाराला येणारी माणसे नाहीत, कामावर रजा मागायला नातेही नाही. ज्या दुःखाला समाज जागा देत नाही अशा दुःखाचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये मांडला आणि त्यात मित्रांचे दुःखही आले. म्हणजे ही अडचण केवळ आपल्या घरांतली नाही. मात्र आपली परंपरा मित्राला अगदीच विसरलेली नाही. पितृपक्षातल्या महालयात पितरांबरोबर गुरू, शिष्य आणि सखा यांचाही उच्चार होतो. पुन्हा कोणी सख्खेपणाचा हिशेब मागितला, तर एवढे सांगायला हरकत नाही.

आता मुलीविषयी. तिचा चेहरा आईसारखा आहे म्हणून आपण तिला टाळता, असे आपण लिहिले आहे. मला ते पूर्ण खरे वाटत नाही. चेहऱ्यासाठी माणूस रडत रडत का होईना, पण जातो. जाववत नाही ते त्या फोनमुळे. त्या घरात गेलात तर कोणीतरी ‘शेवटी आईने तुम्हालाच फोन केला होता’ असे म्हणेल, याची आपल्याला धास्ती आहे. ‘यात तुमचा काही दोष नाही’ हे वाक्य आपण मनाशी शंभरदा म्हणून पाहिले असेल आणि त्याने काही हलले नसेल, म्हणून मी ते म्हणत नाही. जायला हवे होते, ही खंत राहील. पण उद्या आहे अशी खात्री असल्याशिवाय कोणी ‘उद्या येते’ म्हणत नाही, आणि ऐकणारीलाही ती खात्री होती म्हणूनच तिने फोन ठेवला. हे मुलीला स्वतःहून सांगा, तेही पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधी. ते पोटात ठेवून लिहायला बसलात, तर लेखात मैत्रीण येणार नाही, केवळ आपला अपराध येईल.

लिहिताना एक पथ्य पाळा. वर्षश्राद्धाच्या वेळी लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात प्रत्येक गेलेली बाई मायाळू, सोशिक आणि हसतमुख असते. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. मुलीने आईला वयाच्या तिशीपासून पुढे पाहिले आहे आणि शेवटचे काही महिने तर आजारपणातच पाहिले आहे. चौदा वर्षांची, मांडीवर सूप घेऊन कात्रीने तेंदूची पाने कापणारी मुलगी तिने पाहिलेली नाही. ती सोलापुरात आता बहुधा एकट्या आपल्याला ठाऊक आहे. सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉचा धडा आपण वाचला असेल, तर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही फाशी गेलेल्यांची नावे घेताना तिचे हात थांबले होते का, की विडीला दोरा गुंडाळतच राहिले होते, हे लिहा. आपण वाचायचे, तिने नुसते ऐकायचे आणि गुण कोणाला जास्त मिळायचे, हेही लिहा. ती घासाघीस किती करायची, शेंगाचटणीला तेल सुटेपर्यंत कुटले नाही म्हणून कोणाला बोल लावायची, आपल्या तेलुगू उच्चारांना कशी हसायची, आणि दोघींचा अबोला किती दिवस टिकायचा, यांतले जे खरे असेल ते येऊ द्या. राग आला असेल तर रागही. दोन पाने पुरेत. सुवाच्य अक्षरात लिहा, टाइप करून देऊ नका.

आपण जेवता, झोपता, नातवंडाचे करता असे पत्रावरून दिसते, म्हणून या दुःखाला मी आजार म्हणणार नाही. तरीही झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 या टेली मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेशी, कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

लिहिण्याआधी एक करा. वर्षश्राद्धाची वाट पाहू नका; जानेवारीत भोगीच्या दिवशी मुलीला घेऊन गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला जा. संमती कट्ट्यापाशी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते, तेव्हा जमलेले सगळेच वऱ्हाडी असतात आणि कोणाचे कोण हे कोणी विचारत नाही. आपण दोघी दरवर्षी कुठे उभ्या राहत होता, ती जागा तिला दाखवा. मिरवणुकीतले नंदीध्वज तिथून नीट दिसत नसले तरी तिथेच उभ्या राहा. जत्रेच्या होम मैदानावर मैत्रीण पहिल्यांदा काय खायची हे मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे, तेच दोघींसाठी घ्या.