जेम्सटाउन दोन आहेत, पास चालतो अर्ध्याच ठिकाणी

आई-बाबांना वॉशिंग्टनहून एका दिवसात जेम्सटाउन (इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत) दाखवायचंय, नॅशनल पार्कचा वार्षिक पास आहे म्हणजे तिकिटांची चिंता नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. चिंता आहे.

'जेम्सटाउन सेटलमेंट' हे व्हर्जिनिया राज्याचं संग्रहालय. नव्याने उभारलेला किल्ला, पॉवहाटन या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती, वसाहतवाले १६०७ मध्ये ज्यातून आले त्या तीन जहाजांच्या प्रतिकृती आणि त्या काळच्या वेषात काम करणारी माणसं इथे आहेत. तुम्हाला हवंय ते हेच. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' म्हणजे मैलभर पुढे बेटावरची मूळ जागा, जिथे १९९४ पासूनच्या उत्खननात खरा किल्ला सापडला. इंग्रजीत या दुसऱ्या नावाला शेवटी एक जादा 'ई' आहे. मराठीत तोही दिसत नाही!

तुमचा पास सेटलमेंटला अजिबात चालत नाही. बेटावर चालतो, पण फक्त पार्कखात्याच्या हिश्श्यापुरता. उत्खनन करणाऱ्या संस्थेचे पैसे माणशी वेगळे. आम्हाला हे थेट खिडकीवर कळलं, कारण आधी एका माहिती केंद्राने फोनवर "हो, जेम्सटाउन पासात येतं" एवढंच सांगून फोन ठेवला होता. कुठलं, हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. तेव्हा फोनवर असो की नकाशात, नुसतं 'जेम्सटाउन' कधीच टाकू नका, पूर्ण नाव घ्या. (दर बदलत असतात, निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा.) जवळचं कलोनिअल विल्यम्सबर्ग हे तिसरंच प्रकरण, अठराव्या शतकातल्या शहराचं संग्रहालय, त्याचं तिकीटही निराळं. एका दिवसात त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत.

सेटलमेंट ९ ला उघडतं. उन्हाळा असेल तर बाहेरचं आधी उरका, दालनं आणि फिल्म दुपारच्या उकाड्यासाठी ठेवा. तोड्याची (म्हणजे जळत्या वातीने पेटणारी) बंदूक उडवतात त्याची वेळ आत शिरतानाच विचारून घ्या, आणि पाहताना नळीकडे नाही, तोड्याकडे लक्ष ठेवा. जळती वात चापासरशी खाली येते, आधी बाहेरची रंजक (पेटवणीची चिमूटभर बंदुकीची दारू) भडकते आणि मग छिद्रातून आग आतल्या दारूला लागते. पावसात हे सगळंच फसतं. वातीची दोन्ही टोकं पेटवत, एक विझलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. वस्तीत हरणाचं कातडं शिंपल्याने खरवडताना दिसलं तर थांबाच. मात्र चुलीचा धूर असतो, कुणाला दमा असेल तर जपून.

जहाजांच्या आतल्या शिड्या उभ्या आणि छत बुटकं. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक पुरे. शेजारूनच नदीपलीकडच्या स्कॉटलंड नावाच्या गावाला (देशाला नव्हे!) जाणारी फेरी सुटते, गाडीसकट फुकट. तिच्यावरून तिन्ही जहाजं बसल्याबसल्या दिसतात.

आणि पेट्रोल विल्यम्सबर्गलाच भरा. तिथून जेम्सटाउनला जाणाऱ्या कलोनिअल पार्कवे या रस्त्यावर पंप नाही.