मोनोपॉड : टेकू एक, पाय आपले दोन

प्रश्न : गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढायला गेलो होतो. १५०-६०० मिमीची लांब लेन्स तासभर धरून खांदे भरून आले. ट्रायपॉड उघडला, तर गर्दीत कुणा ना कुणाच्या पायात यायचा. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, घ्यावा का? हेड (त्यावर कॅमेरा बसवायचा भाग) कोणतं, उंची किती?
– एक वाचक, शहादा

उत्तर : घ्या भाऊ. पण तो काय करत नाही, ते आधी ऐका. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला टेकू देतात, तसाच हा कॅमेऱ्याचा टेकू. वजन पेलतो, वर-खाली हलणं बरंचसं थांबवतो. बाजूला झुलणं मात्र आपल्यालाच आवरावं लागतं. सांजेला तापीच्या पाण्याचा दोन सेकंदांचा फोटो हवा असेल, तर ट्रायपॉडच न्या. आणि उधळलेल्या घोड्याला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास लागणारच. टेकूने घोडा थोडाच थांबतो! रेवाल, म्हणजे न उसळता जाण्याच्या, चालीने समोरून जाणारा घोडा मात्र १/६० वर, कमरेतून वळत टिपून बघा. मोनोपॉडची खरी मजा तिथे आहे.

उंची दुकानात कॅमेरा लावूनच मोजा. व्ह्यूफाइंडर डोळ्यापाशी येऊन वर वीतभर उंची शिल्लक राहिली पाहिजे, कारण मोनोपॉडचं खालचं टोक पुढे टेकवलं की उंची कमी होते, आणि नदीकाठी उतार असतोच.

बॉल हेडच्या, म्हणजे गोळ्यावर चहूकडे फिरणाऱ्या हेडच्या, भानगडीत पडू नका. नॉब जरा सैल राहिला की दोन किलोची लेन्स धाडकन आडवी होते. फक्त पुढे-मागे झुकणारं टिल्ट हेड पुरे. उभा फोटो हवा असेल तर लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीची स्टँडला जोडायची कडी) सैल करून कॅमेरा फिरवा. मोनोपॉडही त्या कॉलरलाच लावायचा; कॅमेऱ्याच्या बुडाला लावला, तर सगळा भार माउंटवर, म्हणजे कॅमेरा-लेन्सच्या जोडावर, येतो.

मोनोपॉडच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांपैकी खालच्या पूर्ण उघडा आणि उंचीचा फरक सगळ्यात वरच्या लॉकने करा, म्हणजे वाकावं लागत नाही. टोक थोडं पुढे, पाय फाकलेले, डावा तळवा लेन्सवर ठेवून खाली हलका दाब. शटर दाबताना श्वास अर्धा सोडलेला.

माझी एक फजिती सांगतो. हतनूर धरणावर चहा घेताना कॅमेऱ्यासकट मोनोपॉड बाभळीला टेकवून ठेवला. पाला ओढायला शेळी आली आणि सगळं खाली. लेन्सच्या तोंडावरचा हूड फुटला, लेन्स वाचली. चहा सांडला तरी चालेल, मोनोपॉडवरचा हात काढू नका.

पाच नळ्यांचा मोनोपॉड पिशवीत मावतो, पण त्याची शेवटची नळी अगदीच बारीक. मी चार नळ्यांचाच वापरतो. एसटीत दोन सीटांमध्ये उभा धरून बसतो. कंडक्टर ती म्हातारबाबाची काठी समजतो, मीही काही बोलत नाही.