सर्व्हर हलवला, इंटरनेट गेलं

प्रश्न: ऑफिसचा उबुंटू सर्व्हर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नेला, आयपी बदलून १०.०.५.२० दिला. शेजारच्या मशीनवरून पिंग होतो पण बाहेर काहीच जात नाही. काय राहिलं?

उत्तर: शेजारी दिसतोय म्हणजे केबल, स्विच ठीक आहे, गेटवे (बाहेर जायचा रस्ता देणाऱ्या राउटरचा पत्ता) जुनाच राहिलाय बहुतेक. 'आयपी राऊट' ही कमांड मारून बघा, डिफॉल्टवाली (बाहेरच्या रस्त्याची) ओळच नसेल, कारण जुना गेटवे, समजा १९२.१६८.१.१, नव्या सबनेटमध्ये (तिथल्या नेटवर्कच्या पत्त्यांच्या गटात) बसत नाही मग लिनक्स तो घेतच नाही. नवा गेटवे नेटवर्कवाल्यांनाच विचारा (शेवटी १ च असतो हे गृहीत धरू नका हो), नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये टाका आणि 'नेटप्लॅन ट्राय' चालवा, १२० सेकंदांत एंटर नाही दाबलं तर जुनी सेटिंग आपोआप परत येते, लांबून काम करताना हे फार बरं पडतं. आणि ऑफिसच्या डीएनएसमध्येही (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) सर्व्हरचा नवा आयपी टाका.