इंग्रजी कच्चे म्हणून विज्ञान शाखा सोडावी का?

गावच्या मराठी शाळेतून दहावी होऊन तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांचे पालक दर पावसाळ्यात माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. वर्गात सगळे इंग्रजीतून शिकवतात, मुलाला काही कळत नाही, तर वेळीच शाखा बदलून घ्यावी का? यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातील मुलीचा अनुभव या प्रश्नापुरता येथे मांडत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांनी बसताक्षणीच विषय काढला. "मॅडम, पोरगी हुशार हाय, दहावीले मार्क चांगले होते. पण इंग्रजी कच्चं हाय. आर्ट्सले टाकून देऊ का तिले?" मुलगी काहीच बोलली नाही. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवल्यावर तिने सांगितले की, वर्गात उतारा वाचताना 'डिटर्मिन' हा शब्द तिने 'डिटरमाइन' असा वाचला, मागच्या बाकांवर हशा पिकला आणि तेव्हापासून तिने हात वर करणेच सोडले. उत्तर येत असले तरी ती गप्प राहू लागली, शंका विचारीनाशी झाली, आणि न समजलेला भाग साठत जाऊन तिला स्वतःलाच वाटू लागले की आपल्याला विज्ञान झेपत नाही. विषय न समजणे आणि बोलण्याची भीती वाटणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. घरच्यांनी आणि तिनेही त्यांची एकच मोट बांधली होती.

तिला नीट माहीत असलेली कोणतीही गोष्ट घरच्या बोलीत समजावून सांगायला मी सांगितले. तिने गुलाबी बोंडअळी निवडली. २०१७ साली या अळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले, तेव्हा ती लहान होती. पण घरातली ती चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. "पयले फूल पाहा लागते, मॅडम. अळी आत असली का फूल उमलत नाही, बंदच रायते, त्याले डोमकळी म्हणते." पुढे तिने सांगितले की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात, त्यांतल्या मादीसारख्या गंधाला भुलून नर पतंग अडकतात, एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, आणि अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून उशीर करायचा नाही. लक्षण, मोजमाप, उपाय आणि त्यामागचे कारण, असा सगळा क्रम तिने कोणी न शिकवता लावला होता. संवादकौशल्याचा अवघड भाग हाच असतो, असे माझे मत आहे. इंग्रजी शब्द त्यावर चढवता येतात, पण मुळात क्रमच नसेल तर अस्खलित इंग्रजीही ऐकणाऱ्याच्या पदरात काही टाकत नाही. शाखा बदलू नये, हे मी वडिलांना त्याच दिवशी सांगितले.

पुढचे काम याच विषयावरून सुरू केले. कागदाच्या मध्यभागी अळीचे नाव, भोवती तिच्या अवस्था आणि उपाय, प्रत्येकापुढे एकेक इंग्रजी शब्द, आणि नंतर त्या शब्दांवरून लहान लहान वाक्ये. बारावीच्या इंग्रजीच्या युवकभारती या पाठ्यपुस्तकात टिपणे काढणे आणि मनोनकाशा (माइंड मॅप) यांवर स्वतंत्र घटक आहेत, ते मुले शेवटच्या महिन्यात गाइडमधून पाठ करतात; विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुस्तकातली सर्वांत उपयोगी पाने नेमकी तीच आहेत. विज्ञानासाठी एक साधा उपाय केला. बालभारतीची दहावीची विज्ञानाची पुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि दोन्हींत धडे तेच असतात. तिने आधी मराठी धडा आणि लगेच तोच इंग्रजी धडा मोठ्याने वाचायचा, असे ठरले. आशय आधीच ठाऊक असल्यामुळे इंग्रजी वाक्य कसे चालते याकडे लक्ष देता आले, आणि पेशी, ऊती यांची इंग्रजी नावे वेगळी पाठ करावी लागली नाहीत.

हशाचा प्रश्न तिच्या एकटीने सुटणारा नव्हता. तिच्या संमतीने मी इंग्रजीच्या शिक्षकांशी बोलले आणि त्यांनी प्रकट वाचनाआधी जोडीजोडीने वाचण्याची पद्धत सुरू केली. वऱ्हाडी बोलीचाही तिला संकोच होता. याच बोलीत, समोरच्या माणसांना साधे प्रश्न विचारत, गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तने केली, हे अमरावती-यवतमाळकडच्या मुलांना सांगावे लागते याचे मला नवल वाटते. प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकायचीच आहे, पण त्यासाठी घरची बोली टाकावी लागत नाही. अकरावी विज्ञानाला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा असते आणि गुण चांगले मिळतात म्हणून पुष्कळ जण ते घेतात. हिने मराठी ठेवली. अहवाल, माहितीपत्रक, मुलाखत हे बारावीच्या मराठीतले लेखनप्रकार तिच्या कामाचे होते.

बारावीला इंग्रजीची ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. महाविद्यालयातल्या सरावाच्या तोंडी परीक्षेत ती बोंडअळीवरच बोलली, एका उपप्रश्नावर अडखळली, मोडके वाक्य बोलून पुढे गेली. तिचे इंग्रजी संभाषण अजून संथ आहे, इंग्रजीतले गुणही मध्यमच आहेत. जीवशास्त्रात मात्र ती शंका विचारू लागली आहे.

आता वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा १३ भाषांत देता येते, त्यांत मराठी आहे, मग अर्जात मराठी भरावी का? मराठी निवडणाऱ्याला प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत मिळते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, आणि पुढचे वैद्यकीय शिक्षण बहुतेक इंग्रजीतूनच होते. दोन वर्षे तिने संज्ञा इंग्रजीतूनच वाचल्या आहेत. म्हणून एक जुनी प्रश्नपत्रिका मराठीतून आणि एक इंग्रजीतून वेळ लावून सोडवावी आणि जीत कमी अडखळायला होईल ती भाषा अर्जात भरावी, असे मी सुचवले आहे.