उथळ डाइव्ह मागायला लाज कसली?

"मॅडम, मला स्कूबा डाइव्हिंग आवडतं. पण खोल जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. ग्रुपमध्ये सोप्या जागा मागितल्या तर सगळ्यांचा विरस होईल ना?"

गोव्यात ऑक्टोबर ते मे हा डाइव्हिंगचा मोसम. त्याच सुमारास अंदमान-लक्षद्वीपचे बेत ठरतात, आणि हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येतं. फोंड्याच्या सुनीताताई (नाव बदललं आहे) त्यांतल्याच. शाळेत शिक्षिका, पन्नाशीला आलेल्या. नवऱ्याच्या हौसेपायी गोव्यातल्याच ग्रँड आयलंडजवळ त्यांनी ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स केला. तिथलं पाणी अनेकदा गढूळ असतं. एका डाइव्हला पुढच्याच्या पायातले फिन्स (पोहायचे पंखे) दिसेनासे झाले आणि त्या गांगरल्या. आता अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला जायचं होतं आणि नवऱ्याच्या मित्रांनी तीस मीटरच्या जागा ठरवल्या होत्या. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर. "तिथे गेल्यावर पुढचा कोर्स उरकून टाकू," असं परस्पर ठरलंही होतं. ताईंना कोणी विचारलं नव्हतं.

भीती घालवण्याआधी मी एकच विचारलं, "पाण्याखाली तुम्हाला बघायचंय काय?"

"रंग. आणि समुद्रफुलात लपणारे ते पट्ट्यापट्ट्यांचे मासे."

मग तीस मीटरवर जायचंच कशाला? प्रवाळात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना ऊन लागतं, म्हणून उबदार समुद्रातलं प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात सर्वांत दाट वाढतं. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडू लागतो, खोलवर सगळं निळं-करडं दिसतं. शिवाय दहा मीटरवर हवा पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने संपते, तीस मीटरवर चौपट. म्हणजे तोच सिलिंडर उथळ पाण्यात साधारण दुप्पट वेळ पुरतो. हे ऐकताना ताईंचे खांदे खाली आले. आपली आवड चुकीची नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

उथळ म्हणजे निर्धोक, असं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो, त्यामुळे कान सुरुवातीपासूनच, दुखायच्या आत मोकळे करत जावे लागतात. आणि श्वास कधीही रोखायचा नाही.

इथे एक अडचण निघाली. धीर यावा म्हणून ताई रोज सकाळी प्राणायाम करत होत्या, कुंभकासकट. बोलता बोलताही त्या वाक्याच्या मध्ये श्वास धरून ठेवत. घाबरल्यावर अंगवळणी पडलेलं तेच बाहेर येतं. वर येताना छातीत धरलेली हवा प्रसरण पावते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते, अगदी काही मीटरांतही. म्हणून कुंभक बंद केला. हात पोटावर ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा आणि मध्ये थांबायचं नाही, एवढाच सराव दिला. रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यामुळे डॉक्टरांचा लेखी होकार मिळेपर्यंत पैसे भरू नका, हेही बजावलं.

पुढच्या वेळी त्यांच्या यजमानांनाही बोलावलं. ते म्हणाले, "अहो, मी कुठे जबरदस्ती करतोय?" करत नव्हतेच. पण बायको गप्प बसली की तिचा होकार आहे, असं धरून चालायची सवय होती. कोणताही डायव्हर, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो. हा नियम त्यांना कोर्समध्ये शिकवला होता, घरी तो कोणी पाळत नव्हतं. अंगठा वर म्हणजे 'चला वर', आणि त्यावर वाद नाही. दोघांनी तो करार माझ्यासमोर केला.

हॅवलॉकच्या डाइव्ह केंद्राला काय विचारायचं, ते ताईंनी स्वतःच वहीत लिहिलं: जास्तीत जास्त खोली किती, प्रवाह असतो का, उतरायला वाळूचा तळ आहे का, एका गाइडमागे किती जण. त्यातून त्यांनी किनाऱ्यावरून चालत उतरता येणारी नेमो रीफ निवडली.

तिथून त्यांचा निरोप आला. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यातच बराच वेळ श्वासाचा सराव केला, मग गाइडबरोबर खाली गेल्या. पट्ट्यांचे मासे दिसले. एकदा मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा अंगठा वर केला आणि सगळे वर आले, कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मित्रमंडळी खोल डाइव्हला गेली. यजमान मात्र ताईंबरोबर पुन्हा नेमो रीफवर उतरले.