‘आमच्यातही हेच आहे’ म्हणण्याआधी

बाळा, अनेक आशीर्वाद.

वेगवेगळ्या धर्मांत सत्य असू शकतं का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे तू पुढे जोडलंस, ते मला पटत नाही.

नागपुरातच राहतोस, तर दीक्षाभूमीवर जा. तिथे कोरलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी सावकाश वाच. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा निव्वळ खोडसाळ प्रचार, असं १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा देताना बाबासाहेबांनी लाखोंच्या तोंडून वदवून घेतलं. अवतार म्हणणाऱ्याला वाटतं, आपण बुद्धाला केवढा मान दिला! पण ज्याने सृष्टिकर्ता ईश्वर मानला नाही, नित्य आत्मा नाकारला, त्यालाच देव्हाऱ्यात बसवलं की त्याचं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. सगळे धर्म चांगलेच, त्यांत डावंउजवं करू नये, ही समजूतही बाबासाहेबांना मान्य नव्हती. धर्म माणसाला माणसासारखं वागवतो का, हे ते तपासत. तूही तपास, आधी आपल्या घरचा.

मग ताजबागेत, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात जा. हे बाबा वेड्यांच्या इस्पितळात होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. हिंदू राजा मुसलमान अवलियाच्या पायाशी बसला, त्यासाठी आधी इस्लाम आणि वेदान्त एक असल्याचं त्याला सिद्ध करावं लागलं नाही. आजही कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एखादी बाई चादरीच्या कडेला डोकं टेकून बराच वेळ तशीच बसलेली दिसते. इस्लामी एकेश्वरवाद काय म्हणतो हे तिला ठाऊक नसेल. पण तिला तिथे जे मिळतं ते खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता अवघड भाग. पुनर्जन्म आहे आणि नाही, ही दोन्ही विधानं एकाच अर्थाने खरी ठरणार नाहीत. कुणीतरी चुकतंय, कदाचित आपणच. जैनांनी अनेकान्त मांडला, म्हणजे प्रत्येक मत एका अंगाने खरं. म्हणून काही त्यांनी कर्मसिद्धान्त सोडला नाही. स्वतःच्या श्रद्धेवर ठाम राहूनही समोरच्याकडे आपल्याला न दिसलेलं काही असेल, असं मानता येतं.

तुझा बौद्ध किंवा मुसलमान मित्र आपल्या धर्माबद्दल बोलू लागला, की ‘आमच्यातही हेच आहे’ हे वाक्य ओठांवर येईल. ते आवर. ‘आमच्यात नाही असं तुमच्याकडे काय आहे?’ असं विचार, आणि तो काय म्हणाला ते मला सविस्तर लिही.