एकाच कंपनीच्या रायफल पुंगळ्यांच्या दोन लॉटमध्ये खरंच फरक असतो का? तो तपासायचा कसा?

तुमचे मेव्हणे टेक्सासला असतात, .308 विंचेस्टरची काडतुसं घरी भरतात. जुन्या खोक्यातल्या पितळी पुंगळ्यांवर (पुंगळी म्हणजे काडतुसाची नळी, जिच्यात दारू आणि गोळी भरतात) त्यांचे नेम छान जुळायचे, त्याच कंपनीच्या नव्या खोक्यावर ते विस्कटले. दुकानदार म्हणतो, "कंपनी तीच, पितळ तेच." खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. मेव्हण्यांचं.

मी काडतुसं भरत नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय ते करताच येत नाही. पण पुंगळ्यांचं जे पितळ, 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, त्याचे खोल कप मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या प्रेस शॉपमध्ये 21 वर्षं काढतोय. आमचा माल वेगळ्या कामाचा, पण चकतीपासून नळीपर्यंतची वाट तीच.

"पितळ तेच" हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं. दोन्ही लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट मागवलंत तर तांब्याचा आकडा जवळपास सारखाच दिसेल. फरक पडतो तो भट्टीत आणि डायमध्ये, म्हणजे साच्यात. चकतीचा कप होतो, कप ओढत ओढत लांब करतात, आणि दर ओढीला पितळ कडक होत जातं. मग भट्टीत घालून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. भट्टी जास्त तापली की धातूचे दाणे मोठे होतात आणि पुढच्या ओढीला कपाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी उठते. कमी तापली तर ताण आत तसाच राहतो. पंच (कपाला आतून दाबणारा दांडा) मधोमध नसेल तर भिंत एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ येते. डाय कधी बदलली हे खोक्यावर कुणी छापत नाही. छापतात तो फक्त लॉट नंबर. म्हणून खोकं टाकून देऊ नका.

हे मला एका पावसाळ्याने शिकवलं. एका शनिवारी आम्ही दोन लॉटचे कप एकाच रॅकवर ठेवून गेलो. शेजारच्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रिंट काढायचं अमोनियाचं मशीन होतं आणि मधलं दार उघडंच राहिलं. सोमवारी सकाळी एक कप उचलला तर काठापासून खाली केसाएवढी रेघ. नख फिरवलं की अडकायचं. मग दुसरा, तिसरा. नव्या लॉटमधले कितीतरी कप तडकले होते, जुन्यातला एकही नाही. पत्रा दोन्हींना एकाच कॉइलचा! भट्टीचं रजिस्टर उघडलं तेव्हा कळलं की नव्या लॉटला ताण काढायची शेवटची भट्टी मिळालीच नव्हती. डिलिव्हरीची घाई होती.

हा रोग जुना आहे आणि आपल्या मातीशी त्याचा संबंध आहे. भारतात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच आपोआप तडकायची. ती पागांमध्ये साठवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर पडायची. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचं कारण उलगडून दाखवलं. आजही अशा पितळाची परीक्षा अमोनियाच्या वाफेत ठेवून घेतात. तेव्हा मेव्हण्यांना सांगा, पुंगळ्या चमकवायला अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात वापरू नका.

आता तुलना. दोन्ही लॉटमधल्या 50-50 पुंगळ्या, सगळ्या त्याच रायफलमधून एकदा उडवलेल्या, स्वच्छ आणि एका लांबीला कापलेल्या घ्याव्यात. एकेक वजन करून आकडे लिहून काढावेत. सरासरीपेक्षा पसारा बघा: सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकी यांत किती अंतर आहे. माझ्या मते लॉटची खरी परीक्षा तिथेच होते. जड पण एकसारखा लॉट चालतो, विखुरलेला नाही.

वजन मात्र कुठे दडलंय ते वजनकाटा सांगत नाही. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड. बाहेरचा आकार सारखा असेल आणि नव्या लॉटची पुंगळी 17 ग्रेनने (ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम) जड भरली, तर आतली जागा सुमारे 2 ग्रेन पाण्याएवढी कमी झाली. .308 च्या पुंगळीत जेमतेम 56 ग्रेन पाणी मावतं, तिथे 2 ग्रेन थोडे नाहीत. पण जास्तीचं पितळ बुडाच्या कडेत किंवा खाचेत असेल तर आतली जागा तितकीच राहते. म्हणून प्रत्येक लॉटमधल्या दहा पुंगळ्यांत पाणी भरून मोजावंच. उडालेला प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) तसाच राहू द्यायचा, नाहीतर पाणी खालून गळेल. जागा कमी निघाली तर दारूचं जुनं माप जसंच्या तसं चालवू नये. तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. खालच्या मापापासून पुन्हा सुरुवात करावी, आणि दोन लॉट कधीच मिसळू नयेत.

मानेची, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाची, जाडी बॉल मायक्रोमीटरने फिरवून चार जागी घ्यावी. 25 मायक्रॉनच्या आत फरक असेल तर उत्तम. 75 च्या पुढे गेला तर गोळी मधोमध बसणं कठीण, आणि त्यांचे नेम विस्कटण्याचं कारण मी आधी इथेच शोधेन. मानेवरचा निळसर पट्टा ही शेवटच्या भट्टीची खूण असते. काही कंपन्या तो घासून काढतात, त्यामुळे पट्टा नाही म्हणजे भट्टी नाही असं समजू नये. प्रायमरखालच्या भोकात उजेड टाकून कंगोरा राहिलाय का तेही बघावं.

बुडाचा कडकपणा मात्र घरी मोजता येत नाही, तो वापरातूनच कळतो. दर भरणीला प्रायमर बसवताना हाताला किती जोर लागला ते लॉटवार लिहून ठेवायला सांगा. दारूच्या त्याच मापावर एका लॉटची प्रायमर बसायची खळगी तिसऱ्या-चौथ्या भरणीलाच सैल पडली आणि दुसऱ्याची घट्ट राहिली, तर पहिल्याचं बूड मऊ आहे.

त्यांनी मोजमापं घेतली की आकडे इथेच टाका. मला विशेषतः दोन्ही लॉटच्या मानेची जाडी बघायची आहे.